अंपायरच्या जागेवरून पाहिलेला आनंदा

पाटबंधारे खात्यात मी पोटापुरती कारकुनी केली आणि जीव लावून अंपायरिंग केलं. ऑफिसातलं आज विचाराल तर फारसं काही सांगता येणार नाही. पण साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या कुठल्या मैदानावर कुठल्या टोकाला चेंडू खाली राहतो, ते अजून डोळे मिटून सांगेन.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात हिरवळीची खेळपट्टी म्हणजे फोटोत बघायची गोष्ट होती. मुरूम दाबून घ्यायचा, त्यावर काथ्याचं मॅटिंग अंथरायचं आणि चारी बाजूंनी लोखंडी खिळे ठोकून ताणायचं. सामन्याआधी अंपायरनं त्यावरून एकदा चालून यायचं. पायाखाली मॅटिंग हललं तर खिळे परत ठोकायला लावायचे, कारण ढिल्या मॅटिंगवर चेंडू नागासारखा उठतो. हे मॅटिंग गावात एखाद्याच्याच मालकीचं असे. पलूसकडच्या एका गावात मी पहिल्याच षटकात सलामीच्या फलंदाजाला पायचीत दिलं. तो हलेना. म्हणाला, "अंपायर, मॅटिंग कुनाचं हाय, ठावं हाय का?"

मी म्हटलं, "मॅटिंग तुमचं. आणि स्टंपसमोरचा पायही तुमचाच."

त्यानं शांतपणे चारी बाजूंचे खिळे उपटले, मॅटिंग गुंडाळलं, ट्रॅक्टरवर टाकलं आणि निघून गेला. सामना संपला. आम्ही दोघे अंपायर एसटीच्या फाट्यापर्यंत चालत आलो.

असे नग पुष्कळ भेटले. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर ते आले नाहीत. आनंदा बनसोडे आला. तो येणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच इतकी वर्षं लिहायचं टाळत होतो.

लोकांना वाटतं, अंपायर बघतो. बघतो हे खरंच, पण निम्मं काम कानाचं असतं. चेंडू बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला की नाही, हे डोळ्यांनी कळेलच असं नाही. बॅटचा आवाज वेगळा, पॅडचा वेगळा, बॅट मॅटिंगला घासल्याचा आणखी वेगळा. एवढ्या आवाजांतून एक बारीक 'टिक्' उचलायची आणि तेवढ्यावर एका माणसाचा दिवस संपवायचा. हे काम करणाऱ्यानं कुणाच्या फार जवळ जाऊ नये, असं आमचे जुने अंपायर सांगत. आनंदाच्या बाबतीत मला ते जमलं नाही.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या आपसांत स्पर्धा चालत. तिथं मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. मूळचा कुंडलचा. बारीक, काळासावळा, मनगटं मात्र रुंद. खेळायला आला तेव्हा घाई नाही, इकडंतिकडं बघणं नाही. "लेग स्टंप, सर," म्हणाला. मी बोटानं त्या स्टंपच्या रेषेची खूण दिली, त्यानं बुटाच्या टोकानं मॅटिंगवर रेघ ओढल्यासारखं केलं आणि उभा राहिला.

त्याची बॅटिंग कशी होती, हे सांगायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. सगळे फलंदाज चेंडूकडे जातात. आनंदा चेंडूला येऊ द्यायचा. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटला तरी हा स्तब्ध. टप्पा पडला तरी बॅट अजून वरच. आता हा चुकला, असं माझ्या मनात येईतो चेंडू त्याच्या डोळ्यांखाली आलेला असायचा आणि मग बॅट खाली यायची, तीही मारल्यासारखी नाही, दार हळूच लोटल्यासारखी. चेंडू कव्हरमधून जमिनीला चिकटून जायचा. उंच फटका मी त्याचा कधी पाहिला नाही. कुंडलला ज्या माळावर तो शिकला, त्याच्या तिन्ही बाजूंना ऊस होता. उसात चेंडू गेला की मारणारा बाद आणि चेंडूही त्यानंच शोधून आणायचा. त्यामुळे चेंडू वर उचलायचा असतो, हे त्याच्या हातांना माहीतच नव्हतं.

मॅटिंगवर उसळलेला चेंडू तर बघण्यासारखा खेळायचा. इतर पोरं मान मागं टाकत, बॅट आडवी घालत. आनंदा चवड्यांवर उभा राहायचा, डावं कोपर वर, आणि चेंडू बॅटला लागायच्या क्षणी हात सैल सोडून द्यायचा. चेंडू त्याच्या पायाशी मुकाट पडायचा. शॉर्ट लेगला उभा असलेला माणूस हात पसरून तसाच राहायचा.

हे त्याला शिकवलं त्याच्या वडिलांनी, तो त्यांना दादा म्हणायचा. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीच्या टीममध्ये खेळलेले. प्रत्येक सामन्याला कुंडलहून एसटीनं यायचे, सीमारेषेबाहेर लोखंडी खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसायचे. चहाच्या वेळी एकदा मी त्यांच्याशी बोललो.

"हात फार मऊ आहेत पोराचे," मी म्हटलं.

"रायफल असू दे, न्हाईतर बॅट असू दे, साहेब," ते म्हणाले, "आवळून धरली की गेलं काम. मी त्याला चिमणीचं पिल्लू हातात द्यायचो. म्हणायचो, हे उडाय नको आन मराय बी नको. एवढ्याच जोरानं बॅट धर."

त्याच सामन्यात एक गोष्ट घडली. मैदानाच्या कुंपणापलीकडून लग्नाची वरात चालली होती. बँड असा वाजत होता की मला गोलंदाजाच्या पावलांचा आवाजही येईना. चेंडू बॅटच्या अगदी जवळून कीपरकडे गेला, सगळ्यांनी ओरडा केला. मी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं नाही तर बाद द्यायचं नाही, हा नियम. मी मान हलवणार, तेवढ्यात पाहतो तर आनंदा बॅट काखेत मारून निघाला होता.

सामना संपल्यावर मी त्याला गाठलं. "मी नाबाद देणार होतो रे."

"व्हय सर, दिसलं मला."

"मग?"

"पर माझ्या हाताला कळलं हुतं की." मग जरा हसून म्हणाला, "तुमास्नी बँड हुता. मला न्हवता."

पुढची दोन-तीन वर्षं मी त्याच्या बऱ्याच सामन्यांना उभा राहिलो. कड लागली की तो स्वतःहून जायचा. लागली नसेल तर नुसता उभा राहायचा, आणि तो उभा राहिला की समोरचे संघही अपील अर्ध्यावर सोडायचे. आनंदा थांबलाय म्हणजे लागलेला नाही, असं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. इतक्या वर्षांत असा फलंदाज मला दुसरा भेटला नाही.

त्या सुमाराला पुण्याला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि जिल्ह्यातून आनंदाचं नाव गेलं. हवालदार माझ्या घरी पेढे घेऊन आले. खुर्चीवर तसेच ताठ बसले. "खेळतोय म्हणून कारखान्यात टिकला," म्हणाले. "आता खेळानंच बाहेर निगंल."

कारखान्यात तो पॉवर प्रेसवर होता. हे मशीन काय करतं ते सांगतो. पत्र्याचा तुकडा एका हातानं साच्यावर ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा येतो आणि पत्रा कापून जातो. ठोकळा खाली येताना हात आत राहू नये म्हणून समोर जाळी असते. जाळी लावली की काम सावकाश होतं, म्हणून ती काढून ठेवायची पद्धत होती. कुणा एकाची नाही, सगळ्यांचीच. आनंदा पत्रा डाव्या हातानं ठेवायचा.

पुण्याला जायच्या आधीच्या आठवड्यात ते झालं. पेडल दाबलेलं नसताना ठोकळा खाली आला, असं तो म्हणायचा. डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. अंगठा राहिला, पण वाकायचा बंद झाला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा आनंदा झोपला होता. हात पांढऱ्या गोळ्यासारखा उशीवर ठेवलेला. हवालदार कॉटच्या पायथ्याशी उभे होते. बसा म्हटलं तर बसेनात. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाले, "माझ्या पलटणीतला एकजन तितं सिक्युरिटीत हाय. त्याच्या हातापाया पडून मीच लावला ओ पोराला. शेतावर बरा हुता."

मैदानावर अंपायरनं कुणाचं सांत्वन करायचं नसतं. त्या सवयीमुळे की काय, मैदानाबाहेरही ते मला कधी नीट जमलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळानं काढून घेतला.

क्रिकेट न खेळलेल्यांसाठी सांगतो. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या दांड्यावर वर असतो. बॅट सरळ ठेवतो तो वरचा हात. खालचा हात नुसती सोबत करतो. आनंदाचं सगळं कसब त्या वरच्या, डाव्या हातात होतं. नेमका तोच गेला.

पुढं कारखान्यानं त्याला गेटवर बसवलं. गेटवर त्याला करमेना. नोकरी सोडून तो कुंडलला गेला, एवढं कळलं. मग बरेच दिवस काही नाही. आणि एक दिवस सांगलीचा एक अंपायर मित्र म्हणाला, "तुमचा बनसोडे परत खेळायला लागलाय म्हणे. पण डावखुरा."

माझा विश्वास बसला नाही. खरं काय घडलं ते मला नंतर हवालदारांनी सांगितलं. हाताची जखम भरून आल्यावर आनंदानं घराच्या मागं बॅट धरून पाहिली. डावा हात वर ठेवून बॅट सरळ येईना, आडवीतिडवी फिरायची. चार दिवस बघितल्यावर हवालदारांनी त्याला परेडवर देतात तसा हुकूम दिला, "आनंदा, पीछे मुड!"

तो गोंधळून वळला.

"आता असाच हुबा ऱ्हा. उजवा खांदा म्होरं. उजवा हात वर. ह्यो हात तर धड हाय न्हवं तुजा?"

जन्मभर उजव्या हातानं खेळलेल्या माणसानं एकदम डावखुरं होणं म्हणजे काय, ते एखाद्यानं आरशात बघून लिहायचा प्रयत्न केला तरच कळेल. पुढं पडणारा पाय बदलतो. चेंडू आधी ज्या डोळ्याला दिसायचा तो डोळा बदलतो. पायावरचा चेंडू बाहेरचा होतो, बाहेरचा पायावर येतो. हवालदार रोज सकाळी गोठ्यापुढच्या अंगणात त्याला चेंडू टाकायचे. आधी सरपटी, मग टप्प्यानं. साठी उलटलेला तो माणूस, खांदा धरला की डाव्या हातानं टाकायचा. दोघंही आपापले उलटे हात शिकत होते.

मग सांगलीच्या एका कॉलेजच्या मैदानावर मोठी स्पर्धा झाली. उपांत्य सामन्याला मी अंपायर होतो आणि कुंडलचा संघ खेळत होता. दोन गडी लवकर पडले आणि आनंदा आला. तेच चालणं. डाव्या ग्लोव्हजच्या दोन बोटांत कापूस भरलेला, ती दोन बोटं ताठ. माझ्याकडे बघून मान लववली, बाकी काही बोलला नाही. उलट्या बाजूला उभा राहिला.

फलंदाज डावखुरा आला की अंपायरनं क्षेत्ररक्षकांना बाजू बदलायला वेळ द्यायचा असतो. मी हात वर करून म्हणालो, "लेफ्ट हँडर." आयुष्यात हजारदा म्हटलेले शब्द. त्या दिवशी मात्र ते म्हणताना मी त्याच्याकडे बघितलं नाही.

सुरुवातीला तो चाचपडला. मग एक चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. आनंदानं त्याला येऊ दिलं. अगदी डोळ्यांखाली येऊ दिलं आणि हळूच लोटलं. चेंडू कव्हरमधून गवताला घासत सीमेपार गेला. जुना फटका, फक्त मैदानाच्या दुसऱ्या बाजूला. ज्यांनी त्याला आधी पाहिलं होतं ते उभे राहिले. सीमेबाहेर हवालदार खुर्चीत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पण जवळून पाहणाऱ्या मला एक फरक दिसत होता. उसळलेला चेंडू आता पायाशी मुकाट पडत नव्हता, टणकन पुढं जात होता. खालच्या हाताचा आधार नाही, म्हणून वरच्या उजव्या हातानं त्याला दांडा घट्ट आवळावा लागत होता. षटक संपलं की तो बॅट काखेत धरून उजवी मूठ उघडझाप करायचा. सैल हातांचा माणूस बॅट गच्च धरून खेळत होता.

तो चाळीस धावांपर्यंत पोचला आणि सामना कुंडलकडे झुकायला लागला. तेव्हा एक चेंडू बाहेर जाता जाता त्याच्या बॅटला चाटून गेला. बारीक 'टिक्'. कुठं बँड नव्हता, काही नव्हतं. मला स्वच्छ ऐकू आलं. कीपरनं झेल घेतला, सगळे उड्या मारायला लागले.

आनंदा उभाच राहिला.

गोलंदाज उड्या मारता मारता थांबला. कीपरनं माझ्याकडे पाहिलं. आनंदा थांबलाय. सगळ्या मैदानाला त्याचा अर्थ माहीत होता. मला मात्र माझ्या कानांवर शंका नव्हती. मी बोट वर केलं.

तरी तो हलेना. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "आरं जा की! आता तू बी थांबाय लागलास व्हय?" शिट्या सुरू झाल्या. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी जागेवरून हललो नसतो. मी चालत त्याच्यापर्यंत गेलो. तो माझ्याकडे बघत नव्हता, ग्लोव्हजकडे बघत होता.

"सर," अगदी हळू म्हणाला, "लागला का?"

"लागला, आनंदा."

"खरंच लागला?"

"बारीक लागला. मला ऐकू आलं."

"मला कळलंच न्हाई ओ," तो म्हणाला. "हाताला कळलंच न्हाई."

एवढं बोलून तो निघाला. शिट्या तंबूपर्यंत त्याच्या मागं गेल्या. माझा निर्णय बरोबर होता, आजही मला त्याबद्दल तीळभर शंका नाही. पण बरोबर निर्णय दिल्यावर एरवी जे समाधान वाटतं, ते त्या दिवशी कुठं गेलं होतं कोण जाणे. कुंडल हरलं. सामना संपल्यावर पाहिलं तर बापलेक दोघंही निघून गेले होते.

त्यानंतर आनंदा खेळला नाही. हवालदारांनी मला गाठून विनवलं, "तुमचं ऐकंल त्यो. चाळीस रनं केली ओ उलट्या हातानं! एकदा येऊन सांगा त्याला." म्हणून थंडीच्या दिवसांत एका रविवारी मी कुंडलला गेलो.

तो एका द्राक्षबागेत कामाला होता. घडांची विरळणी चालली होती. घडातले मणी फार दाटले की फुगत नाहीत, म्हणून छोट्या कात्रीनं मधले मणी काढून टाकायचे. आनंदा तीन बोटांच्या हातात घड तोलून उजव्या हातानं कात्री चालवत होता. हवालदारही पलीकडच्या ओळीत तेच काम करत होते. मला पाहून आनंदानं घाईघाईनं पोतं अंथरलं. "बसा सर. च्या सांगतो."

मी सरळ विषयाला हात घातला. त्या दिवशीचा कव्हरमधला फटका आठवतो का, म्हणालो. आणखी एक वर्ष सराव केलास तर हात सैल होतील, म्हणालो. ते होतील असं मला मनापासून वाटत होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फटक्याचं काय न्हाई, सर. फटकं येतील. पर मी आउट हाय का न्हाई, हे मला तुमाला इचारायला लागलं. लोकांनी शिट्या मारल्या त्येचं बी काय न्हाई. त्यास्नी काय ठावं. पर मला माझं कळाय नको?"

"अंपायर असतोच की त्यासाठी."

"असतोय. दुसऱ्यांसाठी असतोय." त्यानं एक घड फिरवून पाहिला, दोन मणी काढले. "मला कवा लागला न्हाई अंपायर."

कात्र्यांचा आवाज तेवढा येत होता, त्याच्या आणि पलीकडच्या. निघायचं म्हणून उठता उठता मी उगीच विचारलं, "अगदीच सुटला का रे खेळ?"

"दिवसा सुटला."

"म्हणजे?"

तो जरा लाजला. "झोपंत खेळतो अजून. पर उजव्या हातानं. डावखुरा कवाच नसतो बघा सपनात. आन बोटं असत्यात की सगळी. चेंडू आला की हाताला लागतोय, अगदी गार लागतोय. मग जाग येती." त्यानं घड हळूच सोडला. "आन उठल्या उठल्या पैला हात बघतो, सर. रोज बघतो. दादास्नी न्हाई सांगितलं ह्ये कवा."

पलीकडच्या ओळीतली कात्री थांबली होती.